डावा हात खिशात

दत्ताने मिस्त्रीचा डावा हात मनगटाला धरून खिशातून ओढला, तेव्हा मिस्त्रीचा उजवा हात चालू अँप्लिफायरच्या पोटात होता. दत्ता ओरडत होता, "काढ! काय लपवलंयस ते काढ बाहेर!" लपवलेलं काही नव्हतं. हात रिकामाच बाहेर आला. पण त्या हिसक्याने उजव्या हातातला मीटरच्या तारेचा टोचा सुटला आणि बोटं आत पडली. दत्ताचं ओरडणं मध्येच तुटलं. दोघांची तोंडं उघडी आणि कोणाच्याच तोंडातून आवाज नाही. आवाज फक्त स्पीकरचा, रेड्याच्या मानेवर सुरी ठेवावी तसा.

दत्ता म्हणजे मिस्त्रीचा मेव्हणा. मिस्त्री म्हणजे आमच्या गाळ्यात मागच्या बाजूला बसून गाण्याबजावण्याची यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. त्याचं नाव सांगत नाही. गाळ्यातही कोणी नावाने हाक मारत नव्हतं.

गाळा मालाड पूर्वेला होता, खाली लेथवाला, वर आम्ही. माझ्या नवऱ्याची मिल बंद पडली आणि मी तिथे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला लागले. पुढच्या बाजूला आमची दोन वाइंडिंगची मशीनं आणि मागे मिस्त्रीचं टेबल. मध्ये भिंत नाही, पडदा नाही. त्यामुळे तो काय करायचा ते मला दिसायचं, आणि जे दिसलं तेच सांगते.

तुम्ही मेकॅनिक खूप पाहिले असतील. एका हातात टेस्टर, दुसरा हात यंत्रावर टेकवलेला. मिस्त्री तसा कधी उभा राहिला नाही. यंत्र चालू असलं की पायाखाली लाकडी फळी आणि डावा हात पँटच्या खिशात. "उजव्याक काम, डाव्याक आराम," म्हणायचा. काचेच्या दिव्यासारखे व्हॉल्व्ह असलेल्या जुन्या यंत्रात घरच्या लाइटीपेक्षा दुप्पट दाब असतो. तो एका हातातून शिरला की बाहेर पडायला वाट शोधतो. दुसरा हात कुठे टेकलेला असला तर वाट छातीतून जाते. मिस्त्री म्हणायचा, वाटच देऊ नको, मगे तो काय करतलो?

मला त्याने हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं. गुंडाळून झालेला ट्रान्सफॉर्मर लाइटीवर लावून बघायचा असतो. मी दोन्ही हातांनी तारा जोडायला गेले. त्याने मागून येऊन माझ्या डाव्या हातावर लाकडी पट्टी अशी हाणली की पट्टीचे दोन तुकडे झाले.

"मेल्या, हात मोडशील माझा!"

"मोडलेलो हात जोडूक येता, बाय. तुका खिसो नाय, तर पदरात घाल तो."

हात सुजला होता. मी त्याला आईवरून शिवी दिली. पण दुसऱ्या दिवसापासून पदर कमरेला खोचून डावा हात त्यात अडकवायला लागले. अजून करते. घरात मिक्सर लावतानाही करते. सुना हसतात.

मारणं हीच त्याची बोलण्याची पद्धत होती. एकदा एक ऑर्केस्ट्रावाला यंत्र घेऊन आला, पांढरे बूट, गळ्यात रुमाल. मिस्त्रीने फ्यूज उघडून बघितला तर तारेच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली. त्याने यंत्र हळूच खाली ठेवलं आणि त्या माणसाच्या कानाखाली वाजवली. "स्टेजवर पोरगी माइक धरून गायता ना? ती जळान मेली असती." ऑर्केस्ट्रावाला गाल चोळत म्हणाला, "अहो, पण मारता काय?" तर दुसरी वाजवली. तो माणूस पुढे वर्षानुवर्षं मिस्त्रीकडेच यायचा. येताना फ्यूज नवा घालून यायचा आणि टेबलापासून दोन हात लांब उभा राहायचा.

वर्गणीवाली पोरं आली तेव्हाची गोष्ट गाळ्यात सगळ्यांना पाठ होती. पोरं म्हणजे मिसरूड फुटलेले दांडगे, एकाच्या हातात सळई. शेठ गावाला गेलेला. टेबलावर गिटारचा अँप्लिफायर चालू होता. त्यात एको देण्यासाठी पत्र्याचा एक लांबट डबा असतो, आत स्प्रिंगा ताणलेल्या. आवाज एका टोकाने स्प्रिंगेत सोडायचा, दुसऱ्या टोकाने उचलायचा, मधल्या थरथरीने तो देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यासारखा होतो. मिस्त्रीने एको पूर्ण चढवला आणि त्या डब्याला लाथ घातली. काय आवाज झाला म्हणून सांगू! इमारत कोसळावी तसा. खालचा लेथवाला मशीन टाकून रस्त्यावर पळाला. पोरं त्याच्याही आधी रस्त्यावर. सळई आमच्याकडेच राहिली, आम्ही तिच्यावर ओली फडकी वाळत घालायचो.

असा माणूस यंत्राला मात्र पेन्सिलीने मारायचा. तुम्ही बघायला हवं होतं. व्हॉल्व्ह तापून लाल झालेला, मिस्त्री डोळे मिटून उभा, खिशात हात, आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने काचेवर टिचकी. तापलेल्या दुधावरची साय बाजूला करावी तशी टिचकी. "आधी आयक, मगे हात घाल." कुठला व्हॉल्व्ह टिचकीला टणकन् उत्तर देतो, कुठला जोड कुरकुरतो, ते ऐकत ऐकत जायचा आणि सापडलं की मोठ्याने म्हणायचा, "गावलो!" तेव्हा त्याचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. मला तो चेहरा आवडायचा. खोटं कशाला सांगू.

त्याची बायको माझ्या शेजारच्या मशीनवर होती. सुलू. तिला मीच शेठला सांगून लावली. काटकुळी, मान खाली घालून काम करणारी. आमच्या कामात तारेचे फेरे मोजावे लागतात. मशीनवर आकडा पडायचा, पण तो चुकायचा, म्हणून आम्ही ओठांत मोजायचो. मोजताना कोणी हाक मारली तरी वर बघायचं नाही. फेरा चुकला की सगळी बॉबिन फुकट. सुलू हे इतकं शिकली की मिस्त्री मागून तिला आईबापावरून बोलत असला तरी तिचे ओठ हलतच राहायचे. घरीही मार पडताना ती मोजते, हे तिने मला एकदा सांगितलं. फेरे मोजते. मार संपेपर्यंत एक मोठी बॉबिन होते, म्हणाली.

उजवा हात यंत्राचा, म्हणून तो जपायचा. मारायचा डाव्याने. खिशातला, आराम करणारा हात तो हाच.

मी गप्प बसणारी बाई नाही. एकदा तिच्या डोळ्याखाली काळं आलं, तेव्हा मी मशीन बंद करून मागे गेले.

"मिस्त्री, व्हॉल्व्हला पेन्सिलीने मारतोस आणि बायकोला बुक्क्यांनी. जरा उलटं कर की."

त्याला राग आला नाही. त्याने विचार केला. खरंच केला. मग म्हणाला, "यंत्र बोलता गो, बाय. खंय दुखता तां सांगता. ती गप रवता. मगे फॉल्ट खंय आसा तां माका कळतलां कसां?"

"फॉल्ट तुझ्यात आहे."

"आसात," म्हणाला, आणि टेबलाकडे वळला.

त्यानंतर महिनाभर काही झालं नाही. मग एका रविवारी जेवणात खडा लागला म्हणून त्याने तिच्या कानफटात मारली. समोरून मारली, डाव्या हाताने, म्हणजे तिचा उजवा कान. कानातून रक्त आलं. दत्ता बोरीवलीला राहायचा, लाकडाच्या वखारीत कामाला. तो येऊन बहिणीला घेऊन गेला. डॉक्टरने सांगितलं, पडदा फाटलाय, ह्या कानाने आता ऐकू येणार नाही.

सुलू भावाकडे राहू लागली. पण काम सोडून कसं चालेल? ती कानात कापूस घालून मशीनवर येऊ लागली. नवरा मागे, ती पुढे. मी शेठला म्हटलं, एकाला काढा. शेठ म्हणाला, "काकी, दोघं चांगली कामं करतात. घरचं घरी." शेठ लोकांचं सगळं घरचं घरी असतं.

त्याच आठवड्यात अंकल अँप्लिफायर घेऊन आले. अंकल म्हणजे मार्व्याच्या बाजूला राहणारे म्हातारे गिटारवाले, लग्नांत वाजवायचे. अँप्लिफायर कोणा खलाशाने बोटीवरून आणलेला, त्यांच्या मुलीपेक्षा वयाने मोठा. "मिस्त्री, वैसे एकदम मख्खन बजता है. एको बढाया तो डुक्कर के माफिक चिल्लाता है. संडे को शादी है, बाबा."

मिस्त्रीने तो उघडला. एको शून्यावर, तर यंत्र शांत. एको चढवला की आधी घुमणं आणि त्यात मध्येमध्ये कढईत मोहरी तडतडावी तशी तडतड. त्याने स्प्रिंगांच्या डब्यातून परत येणारी तार उपटली. घुमणं थांबलं, तडतड राहिली. "दोन चोर आसत," म्हणाला. "एक डब्याकडे, एक भितुर." डब्याकडचा त्याच दिवशी धरला. तारेवरची जाळी टोकाला तुटली होती, तिला डाख दिला, डबा मोठ्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब सरकवला. घुमणं गेलं. आतला चोर राहिला. व्हॉल्व्ह बदलला, तरी तडतड. आणि ती यंत्र चांगलं तापल्यावरच सुरू व्हायची, थंड असताना नाही. म्हणजे चालू ठेवूनच शोधायची.

त्या संध्याकाळी त्याने एक गोष्ट केली. मी मशीन पुसत होते. सुलू दाराकडे तोंड करून बसली होती, तिचा उजवा कान मागच्या टेबलाकडे, चांगला कान घरघरणाऱ्या मशीनकडे. मिस्त्रीने यंत्र चालू केलं आणि स्प्रिंगांच्या डब्यावर नखाने टिचकी मारली. बारीक, लांबून घंटा वाजावी तसा आवाज आला. तो सुलूच्या पाठीकडे बघत होता. आवाज चढवला, पुन्हा टिचकी. ती हलली नाही. आणखी चढवला. माझ्या अंगावर काटा आला, पण तिचे ओठ तसेच मोजत होते. मग त्याने बोटाच्या पेराने डबा ठोकला, तेव्हा कुठे तिने दचकून दुसऱ्या बाजूने मान फिरवली.

मिस्त्रीने यंत्र बंद केलं. "गावलो" म्हणाला नाही. मोरीत जाऊन तोंड धुतलं. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाहेर आला तेव्हा मला म्हणाला, "बाय, तिका सांग, घराक चल म्हणान."

"तूच सांग."

"माझां आयकूची नाय ती."

"ऐकणार कशी? कान कुठे ठेवलायस तिला?"

माणसाला पश्चात्ताप झाला की तो शहाणा होतो असं कथेत वाचलंय मी. हा त्या रात्री दारू प्यायला आणि बोरीवलीला जाऊन दत्ताच्या दारावर लाथा घालून आला. "माझी बायको दे!" सगळी चाळ गोळा झाली. दत्ता तेव्हा घरी नव्हता. दार उघडलं नाही कोणी, पण कडी उखडली.

सकाळी सुलू कामावर आली. मिस्त्रीही आला, डोळे लाल, तरी हात स्थिर. यंत्र तापायला लावलं. एको चढवून ठेवला, तडतड सुरू झाली, आणि तो मीटरच्या तारेचा टोचा उजव्या हातात धरून एकेका जोडावर टेकवत निघाला. डावा हात खिशात. मी चहा ठेवला होता.

मग दत्ता आला. मारायला आलेला माणूस, पण गाळ्यात देवाचा फोटो होता आणि फरशी नुकतीच पुसलेली, म्हणून चपला दारात काढून आला. आपल्यात असंच असतं. शिव्या देत आत शिरायचं, पण चपला बाहेर. चपला घालून आला असता तर, असं मी पुढे कितीदा तरी म्हटलं आहे.

सुलूने मान वर करून भावाकडे बघितलं आणि खाली घातली. मशीन चालूच ठेवलं.

"दार तोडतोस माझं? बाहेर ये!"

"काम करतंय. थांब." मिस्त्रीने वळूनही पाहिलं नाही.

"बहिणीला बहिरी केलीस आणि थांब म्हणतोस? बघ इकडे!"

"दत्ता, यंत्र चालू आसा. लांब रव."

"खिशात काय आहे? चाकू आहे? हात काढ."

"हात काढूक जमाचो नाय आता."

हे तो खरं बोलत होता. पण दत्ताला त्याच्या धंद्यातलं काय ठाऊक? बाजारात, नाक्यावर, मारामारीत माणूस खिशात हात घालून उभा राहिला आणि काढत नाही म्हणाला, तर खिशात काय असतं ते तुम्हीही जाणता. मी ओरडले, "दत्ता, चाकू नाही रे! त्याची सवय आहे ती!" पण तोवर त्याने मनगट धरलं होतं.

मिस्त्री फळीवर उभा, त्याच्यातून जमिनीला वाट नव्हती. वाट दत्ताने दिली. अनवाणी, ओल्या फरशीवर.

दत्ताची मूठ सुटेना. करंट लागला की मूठ उघडत नाही, आवळते. मिस्त्री त्याच्याकडे बघत होता. मान हलत नव्हती, डोळे हलत होते. मांस जळाल्याचा वास आला. मी ओरडले, "सुलू, मेन! मेन पाड!" मेन स्विच तिच्या डोक्याशी, हात वर केला की पोचेल इतका. तिची पाठ माझ्याकडे. मशीन तिच्या चांगल्या कानाशीच घरघरत होतं. ती वळली नाही.

मी लाकडी स्टूल उचललं. हाताने ओढायला गेले असते तर तिसरी मी चिकटले असते. डावा हात पदरात घालायला वेळ नव्हता, दोन्ही हातांनी स्टूल धरलं आणि दत्ताच्या हातावर घातलं. सुटला नाही. पुन्हा घातलं. हाड मोडल्याचा आवाज मला त्या सगळ्या गोंगाटातही आला. तिसऱ्यांदा सगळ्या ताकदीने घातलं तेव्हा ते दोघं वेगळे झाले. दत्ता मागे भिंतीवर आपटला. मिस्त्री टेबलावर कोसळला आणि त्याच्या धक्क्याने स्प्रिंगांचा डबा खाली पडला. तोच आवाज, इमारत कोसळल्याचा. तो सुलूला ऐकू आला. ती वळली, तिने पाहिलं, आणि हात वर करून मेन पाडला.

मग एवढी शांतता झाली की चहा उतू जाऊन स्टोव्ह चरचरला तोही ऐकू आला.

खालच्या लेथवाल्याने दोघांना टेम्पोत घातलं. मिस्त्रीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली होती, डावा हात स्वच्छ. मी त्याच्या छातीवर बुक्क्या मारत गेले, कोणीतरी सांगितलं होतं म्हणून. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरने माझा हात धरून थांबवलं. "बाई, पुरे."

पोलीस आले. साहेब तरुण होता, त्याने सुलूकडे बघून मला बाजूला घेतलं.

"तुम्ही ओरडलात तेव्हा स्विच तिच्या हातापाशी होता ना?"

"होता."

"मग तिने बंद का नाही केला?"

"ऐकू आलं नाही."

"एवढं मोठ्याने ओरडलात तरी? नवरा मारायचा म्हणता. मग मुद्दाम..."

"साहेब, तिचा उजवा कान आमच्याकडे होता. तो कान कोणी फोडला तेही लिहा. ते लिहिणार नसाल तर हेही लिहू नका."

त्याने दोन्ही लिहिलं. अपघात म्हणून मिटलं. लोकांचं मात्र मिटलं नाही. तिने ऐकलं होतं का, हे मला अजूनही कोणी कोणी विचारतं. मी तिथे होते. आदल्या संध्याकाळी त्या नवऱ्यानेच तिचा कान तपासला होता, माझ्यासमोर. मला दुसरा पुरावा नको.

सुलू रडली. खूप रडली. मार खाणारी बाई नवऱ्यासाठी रडत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशी बाई जवळून पाहिलेली नसते. एकदा म्हणाली, "काकी, ते शेवटी काही बोलले का हो?" मी म्हटलं, नाही. "लांब रव" म्हणाला होता दत्ताला. ते सांगितलं. ती म्हणाली, "मग चांगलंच बोलले."

अंकल शुक्रवारी आले, दारात टोपी काढून उभे राहिले. अँप्लिफायर तसाच उघडा होता. तडतडीचा चोर मिस्त्रीला सापडला होता की नाही, कोणाला माहीत नाही. अंकलनी झाकण हातानेच बसवलं आणि घेऊन गेले. मी त्यांना पुढे काही विचारलं नाही. टेबल शेठने विकलं. त्या जागी एक टेपरेकॉर्डरवाला आला, गोड बोलणारा, दोन्ही हातांनी काम करणारा. त्याच्या यंत्रांत मरण्याइतका दाब नसायचा.

मिस्त्री चांगला माणूस होता असं मी म्हणणार नाही. वाईट होता असं म्हणून मोकळीही होणार नाही. दोघांतून करंट एकच गेला, किती वेळ गेला तोही सारखाच. मिस्त्री मेला. दत्ता जगला, त्याचा मी मोडलेला हात कधी सरळ झाला नाही. सुलू जगली, पुढे तिने दुसरं लग्न केलं नाही आणि गाळा बंद होईपर्यंत माझ्या शेजारी काम केलं. आणि मी जगले.